जॅझच्या उगमाचा इतिहास आणि ध्वनिमुद्रिकेचा पुरावा : एक चिकित्सा

प्रस्तावना :

विसाव्या शतकातील संगीताचा विचार करताना जॅझ या संगीतप्रकाराचे स्थान अनन्यसाधारण मानले जाते. अमेरिकेच्या दक्षिणेकडील लुइझियाना राज्यातील न्यू ऑर्लिन्स या बंदराच्या शहरात, गुलामगिरीतून नुकत्याच मुक्त झालेल्या आणि मुक्तीनंतरही नागरिकत्वाच्या हक्कांपासून वंचित राहिलेल्या समाजाने हे संगीत घडविले आणि अवघ्या दोन-तीन दशकांत ते पॅरिस, लंडन, शांघाय आणि मुंबईपर्यंत पोहोचले. या उगमाची एक कथा आता सर्वमान्य झालेली आहे. काँगो चौकातील गुलामांची नृत्ये, स्टोरीव्हिल नावाची वेश्यावस्ती, तिथे घुमलेले कॉर्नेट, १९१७ साली त्या वस्तीला लागलेले टाळे आणि मग मिसिसिपी नदीतून बोटीने शिकागोला गेलेले वादक असा या कथेचा क्रम असतो. संगीतविषयक पाठ्यपुस्तकांत, माहितीपटांत आणि पर्यटनखात्याच्या पत्रकांतही ती जवळपास याच क्रमाने येते.

कथा सुटसुटीत आहे, मात्र तिच्या मुळाशी असलेल्या पुराव्याचे स्वरूप तपासले असता ती अनेक ठिकाणी उसवलेली दिसते. जॅझ हे पहिल्याच पिढीत ध्वनिमुद्रित झालेले संगीत, म्हणून त्याचा इतिहास इतर लोकसंगीतांच्या तुलनेत अधिक विश्वसनीय आहे, असे गृहीत धरले जाते. वस्तुस्थिती अशी की, ज्याला या संगीताचा पहिला नायक मानले जाते त्या बडी बोल्डनचा एकही स्वर उपलब्ध नाही आणि ज्या वाद्यवृंदाच्या नावावर 'पहिली जॅझ ध्वनिमुद्रिका' जमा आहे त्यातील पाचही वादक गोरे होते. ज्यांनी संगीत निर्माण केले ते तबकडीवर उशिरा आले, काही आलेच नाहीत. म्हणूनच जॅझच्या उगमाचा प्रश्न हा संगीतशास्त्राइतकाच निर्मितीच्या श्रेयाचाही प्रश्न ठरतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

न्यू ऑर्लिन्स : शहर, समाज आणि कायदा

फ्रेंचांनी १७१८ साली वसविलेले हे शहर पुढे स्पेनच्या ताब्यात गेले, पुन्हा अल्पकाळ फ्रान्सकडे आले आणि १८०३ साली संपूर्ण लुइझियानासह अमेरिकेला विकले गेले. हैतीमधील गुलामांच्या उठावानंतर क्युबामार्गे आलेल्या सुमारे ९,००० निर्वासितांनी १८०९-१०च्या सुमारास शहराची लोकसंख्या जवळजवळ दुप्पट केली. त्यात गोरे होते, गुलाम होते आणि मुक्त मिश्रवर्णीयही होते. कॅथलिक सणांचे वातावरण, फ्रेंच संगीतिका, कॅरिबियन बेटांवरील ठेके आणि आफ्रिकी स्मृती यांची सरमिसळ अन्य कोणत्याही अमेरिकन शहरात या प्रमाणात झाली नाही.

१८१७ साली नगरपालिकेने एक नियम केला. गुलामांनी नृत्यासाठी एकत्र जमायचे तर ते फक्त रविवारी आणि महापौरांनी नेमून दिलेल्या जागीच. ही जागा म्हणजे पुढे काँगो चौक या नावाने प्रसिद्ध झालेले मैदान. बेंजामिन लॅट्रोब या वास्तुविशारदाने १८१९ साली तेथील दृश्य पाहून त्याचे टिपण केले. पाच-सहाशे माणसे, त्यांची लहान लहान वर्तुळे, हातांनी वाजविले जाणारे ढोल आणि भोपळ्याचे तंतुवाद्य यांची वर्णने व रेखाटने त्याने करून ठेवली. लॅट्रोबला हे संगीत मुळीच आवडले नव्हते. एका प्रतिकूल श्रोत्याची ही साक्ष आज या परंपरेचा सर्वांत मोलाचा दस्तऐवज ठरली आहे, ही गोष्ट इतिहासलेखनाच्या दृष्टीने बोलकी आहे.

काँगो चौक ते जॅझ अशी सरळ रेषा ओढणे मात्र धाडसाचे ठरते. चौकातील मेळावे यादवी युद्धापूर्वीच ओसरत गेले होते, तर जॅझसदृश वादनाच्या आठवणी १८९५च्या अलीकडच्या आहेत. मधल्या जवळपास अर्ध्या शतकात ही परंपरा कोठे होती? बाप्टिस्ट चर्चमधील हाक-प्रतिसादाच्या गायनात, बंदरावरील हमालांच्या श्रमगीतांत, रस्त्यावरच्या फेरीवाल्यांच्या हाळ्यांत आणि परस्परसाहाय्य मंडळांच्या अंत्ययात्रांत ती टिकून राहिली असली पाहिजे. या मंडळांचे कार्य संगीताच्या इतिहासात गौण मानले जाते, ते योग्य नाही. सभासदाच्या आजारपणात मदत करणे आणि मृत्यूनंतर सन्मानाने निरोप देणे यासाठी ही मंडळे वर्गणी गोळा करीत आणि त्या वर्गणीतून ब्रास बँडला बिदागी मिळे. दफनभूमीकडे जाताना संथ शोकधून आणि परतताना उसळती चाल, मागे नाचत चालणारा 'सेकंड लाइन'चा जमाव, या प्रथेने वादकांना नियमित काम दिले. कलेचा आश्रयदाता येथे राजा किंवा सावकार नव्हता. मजूर आणि धोबिणींची वर्गणी होती.

या समाजाच्या राजकीय भवितव्याशी मराठी वाचकाचा एक जुना धागा आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील सदाचारी लोकांना, त्यांनी गुलामांना दास्यातून मुक्त केल्याबद्दल, अर्पण केला. त्या वेळी दक्षिणेत पुनर्रचनेचा कालखंड चालू होता आणि लुइझियानात कृष्णवर्णीय लोकप्रतिनिधी निवडून येत होते. अवघ्या चार वर्षांनी, १८७७ साली, संघराज्याच्या सैन्याने लुइझियानातून अंग काढून घेतले आणि गोऱ्यांच्या वर्चस्वाची राजवट परत आली. फुल्यांनी ज्या मुक्तीचे स्वागत केले तिचा असा संकोच होत असतानाच, त्याच वर्षी, न्यू ऑर्लिन्समध्ये बडी बोल्डनचा जन्म झाला. जॅझ हे मुक्तीचे संगीत आहे, असे सर्रास म्हटले जाते. कालक्रम पाहता ते मुक्ती हिरावली जात असतानाचे संगीत आहे, असे म्हणणे अधिक अचूक होईल.

क्रिओल आणि कृष्णवर्णीय : एका द्वंद्वाची तपासणी

जॅझच्या उगमाची आणखी एक उपपत्ती वारंवार मांडली जाते. शहराच्या एका भागात फ्रेंच बोलणारे, कॅथलिक, शिक्षित मिश्रवर्णीय क्रिओल राहात. ते युरोपीय पद्धतीने स्वरलिपी वाचून वाजवीत. दुसऱ्या भागात गुलामांच्या वंशातील, इंग्रजी बोलणारे, बाप्टिस्ट कृष्णवर्णीय राहात. ते कानाने ऐकून वाजवीत. वंशभेदाचे कायदे कडक झाल्यावर क्रिओलांचे वेगळे स्थान नष्ट झाले, दोन्ही गट एका पंगतीत ढकलले गेले आणि त्या संयोगातून जॅझ जन्मले, असे या उपपत्तीचे स्वरूप आहे.

या उपपत्तीत तथ्यांश निश्चित आहे. होमर प्लेसी हा न्यू ऑर्लिन्सचा क्रिओल गृहस्थ. लुइझियानाच्या १८९०च्या वेगळ्या रेल्वेडब्यांच्या कायद्याला आव्हान देण्यासाठी १८९२ साली तो ठरवून गोऱ्यांच्या डब्यात बसला आणि त्याला अटक झाली. १८९६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या विरोधात निकाल देऊन 'वेगळे पण समान' या तत्त्वावर शिक्कामोर्तब केले. (प्लेसीला लुइझियानाच्या राज्यपालांनी माफी दिली ती जानेवारी २०२२ मध्ये, म्हणजे निकालानंतर १२५ वर्षांनी.) या निकालामागची सामाजिक प्रक्रिया क्रिओल वादकांच्या उपजीविकेवर परिणाम करणारी होती, यात शंका नाही.

तथापि 'वाचणारे' आणि 'ऐकणारे' ही विभागणी जितकी नीटस मांडली जाते तितकी ती नव्हती. सिडनी बेशे हा क्रिओल कुटुंबातील असामान्य क्लॅरिनेटवादक स्वरलिपी वाचण्यात कधीच रमला नाही. त्याचे सारे वादन कानावर आधारलेले होते. उलटपक्षी लुई आर्मस्ट्राँगसारख्या अत्यंत गरीब वस्तीतील मुलाला कॉर्नेटचे पद्धतशीर शिक्षण मिळाले ते सुधारगृहाच्या बँडमध्ये. नववर्षाच्या आदल्या रात्री पिस्तूल झाडल्याच्या गुन्ह्याखाली १९१३च्या आरंभी तो तिथे पोहोचला होता. वर्णावरून आणि वस्तीवरून संगीताची प्रवृत्ती ठरविण्याचा मोह अभ्यासकांनी टाळावयास हवा. अन्यथा युरोपकडून बुद्धी आणि आफ्रिकेकडून लय अशी जुनीच वंशवादी वाटणी नव्या शब्दांत परत येते. या उपपत्तीच्या अनेक लोकप्रिय मांडण्यांत ती आलेलीही आहे.

बोल्डन : आवाज नसलेला नायक

१८९५ ते १९०६ या काळात बडी बोल्डनचे कॉर्नेट शहरात गाजत होते. त्याचा आवाज कित्येक मैलांवर ऐकू जाई, तो केशकर्तनालय चालवीत असे, 'द क्रिकेट' नावाचे कुचाळक्यांचे पत्र काढीत असे, अशा आख्यायिका 'जॅझमेन' या १९३९ सालच्या ग्रंथाने जगभर पोहोचविल्या. फ्रेडरिक रॅम्सी आणि चार्ल्स एडवर्ड स्मिथ यांनी संपादित केलेला हा ग्रंथ जॅझच्या इतिहासलेखनातील एक महत्त्वाचा टप्पा होय. वृद्ध वादकांना शोधून काढून त्यांना बोलते करण्याचे श्रेय त्याच्याकडे जाते. मात्र त्यातील एक प्रमुख साक्षीदार बंक जॉन्सन याने आपले वय वाढवून सांगितले असावे, असे पुढील संशोधकांचे मत आहे. बोल्डनच्या वाद्यवृंदात आपण होतो हा त्याचा दावा त्या वयावरच अवलंबून होता.

डोनल्ड मार्क्विस यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या बोल्डनच्या चरित्रात या आख्यायिका एकेक करून तपासल्या. जन्मनोंदी, शहराच्या निर्देशिका, पोलिसांचे कागद आणि मनोरुग्णालयाची कागदपत्रे त्यांनी चाळली. केशकर्तनालय नव्हते, नियतकालिकही नव्हते. भिंतींना गिलावा करणारा एक कारागीर वादनाच्या बळावर काही वर्षे शहराचा लाडका झाला, त्याचे मानसिक संतुलन ढळले, १९०७ साली त्याला जॅक्सन येथील मनोरुग्णालयात ठेवण्यात आले आणि २४ वर्षांनी, १९३१ साली, तो तेथेच मरण पावला. त्याचे दफन झालेल्या जागेवर नावाची खूणही नव्हती. त्याने मेणाच्या नळकांड्यावर ध्वनिमुद्रण केले होते, असे सांगितले जाते. ते नळकांडे अद्याप कोणालाही सापडलेले नाही. एकच छायाचित्र मागे उरले आहे.

मार्क्विस यांच्या ग्रंथाचे मोल त्याने नायकाला लहान केले यात नाही. कृष्णवर्णीय कामगाराचे चरित्र कागदपत्रांच्या आधारे लिहिता येते, हे त्यांनी दाखवून दिले. त्यापूर्वीच्या लेखकांना या कामगाराच्या नोंदी कोठे असतील, असा प्रश्नही पडला नव्हता. आख्यायिका पुरेशी वाटली होती. अर्थात कागदपत्रांनाही मर्यादा आहेत. पोलीस आणि रुग्णालय यांनी ज्या क्षणी या माणसाची नोंद घेतली तो त्याच्या आयुष्यातील सर्वांत वाईट क्षण होता. तो उत्तम वाजवीत असताना शासनाच्या कोणत्याही खात्याला त्याची नोंद घ्यावीशी वाटली नाही.

एका शब्दाचा प्रवास

'जॅझ' हा शब्दही या शहरातला नाही. उपलब्ध छापील पुराव्यानुसार तो प्रथम १९१२ साली लॉस एंजेलिसच्या वृत्तपत्रात बेसबॉलच्या संदर्भात, एका गोलंदाजाच्या फसव्या चेंडूसाठी, आढळतो. १९१३ साली सॅन फ्रान्सिस्कोत तो जोम, उत्साह या अर्थाने रूढ होत होता. संगीतासाठी तो छापला गेला तो १९१५ साली शिकागोत. न्यू ऑर्लिन्सचे वादक स्वतःच्या वादनाला बहुधा 'रॅगटाइम' म्हणत. स्कॉट जॉप्लिनच्या 'मेपल लीफ रॅग' (१८९९) नंतर हा शब्द घरोघरी पोहोचला होता आणि ठेक्याच्या अपेक्षित मात्रेच्या अलीकडे-पलीकडे आघात देणारी कोणतीही चाल त्यात सामावून जाई. जॅझ हे नाव म्हणजे एका प्रचलित संगीताला परगावच्या बाजारपेठेने दिलेली ओळख आहे.

नाव घरी परतले तेव्हा त्याचे स्वागतही झाले नाही. जून १९१८ मध्ये शहराच्या प्रमुख वृत्तपत्राने, 'टाइम्स-पिकायून'ने, संपादकीय लिहून या संगीताचे पितृत्व नाकारले आणि त्याची गणना अभिरुचीच्या हीन पातळीत केली. त्याच शहराच्या आंतरराष्ट्रीय विमानतळाला २००१ साली लुई आर्मस्ट्राँगचे नाव देण्यात आले. या दोन घटनांमधील ८३ वर्षांत संगीत बदलले त्याहून अधिक शहराची गरज बदलली, असे म्हणावे लागते.

१९१७ : पहिली ध्वनिमुद्रिका आणि एक खटला

२६ फेब्रुवारी १९१७ रोजी न्यूयॉर्कमध्ये व्हिक्टर कंपनीने 'ओरिजिनल डिक्सीलँड जॅझ बँड' या न्यू ऑर्लिन्सच्या गोऱ्या वादकांच्या दोन चाली ध्वनिमुद्रित केल्या. 'लिव्हरी स्टेबल ब्लूज'मध्ये क्लॅरिनेटमधून कोंबड्याची बांग, कॉर्नेटमधून घोड्याचे खिंकाळणे आणि ट्रॉम्बोनमधून गाईचे हंबरणे काढले होते. ही गंमत विलक्षण लोकप्रिय झाली. वाद्यवृंदाचा प्रमुख निक लारोका हा सिसिलियन स्थलांतरिताचा मुलगा. उत्तरायुष्यात त्याने जॅझ ही गोऱ्यांची निर्मिती असून कृष्णवर्णीयांनी तिचे अनुकरण केले, असा दावा हिरिरीने केला. सिसिलियन समाजालाही त्या काळी लुइझियानात हीन वागणूक मिळत होती, हे लक्षात घेतले तरी हा दावा समर्थनीय ठरत नाही. मात्र तो करता आला, कारण तबकडी त्याच्या बाजूने होती.

'पहिली' या विशेषणाचीच तपासणी येथे आवश्यक आहे. जेम्स रीज युरोप या कृष्णवर्णीय संगीतकाराच्या सोसायटी ऑर्केस्ट्राने याच व्हिक्टर कंपनीसाठी डिसेंबर १९१३ व फेब्रुवारी १९१४ मध्ये ध्वनिमुद्रण केले होते. क्लॅरिनेटवादक विल्बर स्वेटमनच्या मुद्रिका १९१६च्या डिसेंबरातल्या आहेत. त्यांतील काही भाग ऐकताना रॅगटाइम कोठे संपते आणि जॅझ कोठे सुरू होते ते सांगणे कठीण जाते. त्यांच्या लेबलवर 'जॅझ' हा शब्द नव्हता, एवढाच स्पष्ट फरक. लेबलवर छापलेल्या शब्दावरून प्रारंभ ठरविण्याची ही पद्धत टीकाकारांनी दीर्घकाळ विनातक्रार स्वीकारली, याचे आश्चर्य वाटते.

त्याच वर्षी 'लिव्हरी स्टेबल ब्लूज'च्या स्वामित्वहक्कावरून शिकागोच्या संघराज्य न्यायालयात खटला उभा राहिला. लारोकाने चालीची नोंदणी 'बार्नयार्ड ब्लूज' या नावाने केली होती, मुद्रिका मात्र दुसऱ्याच नावाने बाहेर पडली. या फटीचा फायदा घेऊन वाद्यवृंदाच्या एका माजी सहकाऱ्याने दुसऱ्या प्रकाशकामार्फत तीच चाल छापली. न्यायमूर्ती कार्पेंटर यांनी दोन्ही पक्षांचा हक्क नाकारला. चाल आधीपासून प्रचलित असलेल्या ब्लूजवर बेतलेली आहे आणि ती दोघांपैकी कोणाचीही स्वतंत्र निर्मिती ठरत नाही, असा या निकालाचा आशय होता.

या खटल्याकडे बहुतेक इतिहासकार एक विनोदी प्रसंग म्हणून पाहतात. विनोद त्यात आहेच; कोंबड्याच्या बांगेचा मालक कोण, यावर वकिलांचे युक्तिवाद झाले. परंतु स्वामित्वहक्काचा कायदा लिखित स्वररचनेला ओळखतो, उपजेला ओळखत नाही, हे येथे उघड झाले. कृष्णवर्णीय वस्तीत वर्षानुवर्षे वाजविल्या जाणाऱ्या चाली सर्वांच्या होत्या, म्हणून कायद्याच्या दृष्टीने त्या कोणाच्याच नव्हत्या आणि जो प्रथम कागदावर उतरवील त्याला निदान दावा दाखल करता येत होता. ज्या समाजाने चाली घडविल्या तो या खटल्यात वादी नव्हता, प्रतिवादीही नव्हता.

कर्ण्यासमोरचे संगीत

नदीतून शिकागोला गेलेल्या जॅझची कथा भूगोलाच्या कसोटीवरच कोसळते, कारण मिसिसिपी शिकागोला जातच नाही. वादक गेले ते इलिनॉय सेंट्रल रेल्वेने. स्टोरीव्हिल नोव्हेंबर १९१७ मध्ये नौदलाच्या दबावामुळे बंद झाले खरे, पण तेथे काम मिळे ते मुख्यतः पियानोवादकांना. ब्रास बँडचे पोट मिरवणुकी, सहली आणि नृत्यगृहे यांवर चाले. बिल जॉन्सन आणि फ्रेडी केपर्ड यांचा क्रिओल बँड तर १९१४ पासूनच व्हॉदव्हिल रंगमंचावरून देशभर फिरत होता. लॉरेन्स गशी यांचा या बँडवरील २००५ सालचा ग्रंथ वाचल्यावर वेश्यावस्तीभोवती गुंफलेली कथा टिकत नाही. तरीही ती टिकून आहे, कारण पाप आणि संगीत यांची जोडी वाचकाला आवडते.

ऑगस्ट १९२२ मध्ये आर्मस्ट्राँग आपले गुरू जो 'किंग' ऑलिव्हर यांच्या बोलावण्यावरून शिकागोला गेला आणि एप्रिल १९२३ मध्ये ऑलिव्हर यांच्या क्रिओल जॅझ बँडचे ध्वनिमुद्रण इंडियाना राज्यातील रिचमंड येथे जेनेट कंपनीत झाले. पियानो कारखान्याच्या आवारातील हा स्टुडिओ रेल्वेमार्गाला लागून होता. गाडी आली की काम थांबवावे लागे. याच कंपनीने त्या दशकात कू क्लक्स क्लॅनसाठीही तबकड्या काढून दिल्या. वर्णद्वेषी संघटना आणि कृष्णवर्णीय वादक दोघांचेही पैसे व आवाज त्याच कर्ण्याने स्वीकारले.

हा कर्णा काय ऐकत होता? विद्युत ध्वनिमुद्रण अजून आलेले नव्हते. कर्ण्याच्या तोंडाशी सर्वांनी दाटीवाटीने उभे राहून वाजवायचे आणि हवेच्या कंपनांनी सुई हलवायची, असा प्रकार होता. मोठ्या ढोलाच्या आघाताने सुई उडे, म्हणून बेबी डॉड्ससारख्या श्रेष्ठ तालवादकाला लाकडी ठोकळ्यांवर समाधान मानावे लागले. आर्मस्ट्राँगचा स्वर इतका प्रबळ होता की, त्याला इतरांपासून दूर उभे करावे लागले, अशी आठवण बँडची पियानोवादक लिल हार्डिन हिने सांगितली आहे. तबकडीची एक बाजू सुमारे ३ मिनिटांत संपे. नृत्यगृहात नाचणाऱ्यांच्या उत्साहानुसार हीच चाल कितीतरी लांबत असे. जुन्या तबकड्यांवर आवराआवर करणारे आपल्याकडील गवई ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना या काटछाटीची कल्पना सहज येईल.

गुंथर शुलर यांचा 'अर्ली जॅझ' (१९६८) हा ग्रंथ या कालखंडाच्या सांगीतिक विश्लेषणाचा मानदंड मानला जातो आणि तो मान यथार्थ आहे. ध्वनिमुद्रिका पुन्हा पुन्हा ऐकून स्वरलेखन करणे आणि त्याआधारे शैलीची मीमांसा करणे ही त्यांची पद्धती काटेकोर आहे. एका जाणत्या संगीतकाराचा कान पानोपानी जाणवतो. परंतु जे तबकडीवर नाही ते या पद्धतीच्या कक्षेबाहेर राहते. आफ्रिकी लयपरंपरेचे वाहक असणारे तालवाद्यच त्या काळच्या तबकडीवर अर्धवट उमटलेले आहे. म्हणजेच, जॅझमधील आफ्रिकी अंशाचा शोध ज्या पुराव्यात घ्यावयाचा, त्या पुराव्यातून तोच अंश तंत्राने गाळलेला आहे. स्वरयोजना आणि एकलवादन यांना जॅझच्या समीक्षेत मिळालेले झुकते माप काही अंशी या गाळणीतून आलेले असावे.

आर्मस्ट्राँगच्या 'हॉट फाइव्ह' या संचाचे उदाहरण याबाबत उद्बोधक ठरेल. नोव्हेंबर १९२५ पासून ओके कंपनीसाठी झालेल्या या मुद्रिका म्हणजे जॅझचा सामूहिक वादनाकडून एकलवादनाकडे झालेला प्रवास, असे शिकविले जाते. जून १९२८ मधील 'वेस्ट एंड ब्लूज'च्या आरंभी एकट्या ट्रम्पेटने घेतलेली झेप ऐकली की, या मताचे मर्म पटते. पण हा संच मुख्यतः ध्वनिमुद्रणापुरताच एकत्र येत होता. रात्री हे वादक निरनिराळ्या मोठ्या वाद्यवृंदांत नृत्यासाठी वाजवीत. त्या रात्रींचा पुरावा नाही, त्या दुपारींचा आहे. आणि इतिहास दुपारींवरून लिहिला गेला.

लिल हार्डिन हिच्याविषयी येथे थोडे अधिक लिहावयास हवे. ऑलिव्हर यांच्या आणि हॉट फाइव्हच्या मुद्रिकांत पियानो तिचा आहे, अनेक चाली तिच्या नावावर आहेत आणि आर्मस्ट्राँगने ऑलिव्हर यांच्या छायेतून बाहेर पडावे यासाठी आग्रह धरणारी तीच. समीक्षकांनी मात्र तिची दखल प्रामुख्याने 'आर्मस्ट्राँगची पत्नी' या नात्याने घेतली. स्त्रियांचा सहभाग केवळ पियानोपुरता नव्हता. मेमी स्मिथची 'क्रेझी ब्लूज' ही ऑगस्ट १९२० मध्ये मुद्रित झालेली तबकडी खपली, तेव्हाच कृष्णवर्णीय ग्राहक पैसे देऊन तबकड्या विकत घेतो हे कंपन्यांना उमगले. ऑलिव्हर यांच्यासाठी जेनेटचे दार उघडले त्यामागे ब्लूज गाणाऱ्या स्त्रियांनी निर्माण केलेली ही बाजारपेठ होती.

साक्ष आणि सिद्धान्त

तबकडी अपुरी म्हणून वादकांच्या साक्षीकडे वळावे, तर तेथेही सावधगिरी हवी. जेली रोल मॉर्टन याने १९३८ साली जॅझचा शोध १९०२ मध्ये आपणच लावल्याचे जाहीर केले. आता उपलब्ध असलेल्या बाप्तिस्म्याच्या नोंदीनुसार त्याचा जन्म १८९० चा. म्हणजे शोधाच्या वेळी तो बारा वर्षांचा होता. या बढाईमुळे त्याची टिंगल झाली. परंतु त्याच वर्षी ॲलन लोमॅक्स यांनी काँग्रेसच्या ग्रंथालयासाठी घेतलेल्या त्याच्या मुलाखती काळजीपूर्वक ऐकाव्यात. एकच चाल रॅगटाइम पद्धतीने आणि मग जॅझ पद्धतीने वाजवून तो फरक दाखवितो, कॅरिबियन ठेक्याची 'स्पॅनिश छटा' डाव्या हाताने उलगडतो. तारखांच्या बाबतीत अविश्वसनीय असणारा हा साक्षीदार संगीताच्या बाबतीत अत्यंत विश्वसनीय आहे. १९५८ साली न्यू ऑर्लिन्सच्या ट्युलेन विद्यापीठात जॅझचे अभिलेखागार स्थापन झाले आणि शेकडो वृद्ध वादकांच्या मुलाखती नोंदविल्या गेल्या. त्या काळात त्या विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश नव्हता, याची नोंद घेणे भाग आहे.

सैद्धान्तिक पातळीवर हा वाद लेरॉय जोन्स (पुढे अमिरी बराका) यांच्या 'ब्लूज पीपल' (१९६३) या ग्रंथाने ऐरणीवर आणला. कृष्णवर्णीयांच्या संगीतातील प्रत्येक बदल हा त्यांच्या सामाजिक स्थितीतील बदलाचा निदर्शक आहे, ही त्यांची मांडणी. राल्फ एलिसन यांनी तिचा कठोर प्रतिवाद केला. समाजशास्त्राचे इतके ओझे लादले तर संगीतातील आनंद आणि कारागिरी दिसेनाशी होते, असा त्यांचा आक्षेप होता. एलिसन यांचा आक्षेप मार्मिक आहे. तरीही उगमाच्या प्रश्नापुरता बराका यांचा मार्ग अधिक उपयुक्त वाटतो, कारण आवाज मागे न ठेवता गेलेल्या माणसांना इतिहासात जागा देण्याची सोय केवळ याच मार्गात आहे. दलित साहित्याच्या समीक्षेत कलामूल्य आणि समाजमूल्य यांवर झालेली दीर्घ चर्चा ज्यांना ठाऊक आहे, त्या मराठी अभ्यासकाला हा वाद परका वाटणार नाही.

मुंबईतील पडसाद

व्हायोलिनवादक लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय वाद्यवृंद १९३५च्या अखेरीस मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात दाखल झाला. नरेश फर्नांडिस यांच्या 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' (२०१२) या ग्रंथात या कालखंडाचा साक्षेपी वृत्तान्त आला आहे. आर्मस्ट्राँगबरोबर शिकागोत वाजविलेला पियानोवादक टेडी वेदरफर्डही पाठोपाठ आला. या मंडळींच्या सहवासात आलेले गोव्याचे ख्रिस्ती वादक चर्चच्या शाळांतून व्हायोलिन आणि स्टाफ नोटेशन शिकून आलेले होते; कागदावरचे सर्व काही वाजविता येई, कागद सोडून वाजविणे त्यांना नवीन होते. न्यू ऑर्लिन्सच्या क्रिओलांविषयी जे ठोकळेबाजपणे सांगितले जाते, ते येथे काहीसे खरे ठरले. अंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट हा ट्रम्पेटवादक भारताचा आर्मस्ट्राँग म्हणून ओळखला गेला आणि सी. रामचंद्र यांच्या सहवासात हे संगीत हिंदी चित्रपटात उतरले. 'अलबेला' (१९५१) मध्ये तो आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरही दिसतो. मात्र चित्रपटांसाठी वाद्यमेळ लिहिणाऱ्या बहुसंख्य गोमंतकीय संयोजकांची नावे तबकडीच्या लेबलवर आली नाहीत.

ॲबी यांच्या संचात क्रिकेट स्मिथ नावाचा ज्येष्ठ ट्रम्पेटवादक होता. १९३६ साली ताजमधील वाद्यवृंदाचे नेतृत्व त्याच्याकडे आले. जेम्स रीज युरोप यांच्या सोसायटी ऑर्केस्ट्रात १९१३ साली व्हिक्टरच्या कर्ण्यासमोर कॉर्नेट वाजविणारा तो हाच. लारोका आणि त्याचे सहकारी त्याच कंपनीत पोहोचले त्याला तेव्हा आणखी तीन वर्षे अवकाश होता.